न्यूमन/हास रेसिंग: जिंकता जिंकता संपलेला संघ

वळणावरचा (धागाकर्ता)

परवा फॉर्म्युला वनच्या धाग्यावर कुणीतरी विचारलं होतं, "आजचा हास संघ म्हणजे पॉल न्यूमनचाच ना?" उत्तर लिहायला बसलो, ते लांबतच गेलं, म्हणून वेगळा धागा काढतोय.

आधी सरळ उत्तर: नाही. आजचा संघ जीन हास यांचा, ते यंत्रं बनवणारे कारखानदार. न्यूमनचे भागीदार होते कार्ल हास. आडनाव सारखं, नातं काही नाही. कार्ल हास यांनीही १९८५ आणि १९८६ मध्ये फॉर्म्युला वनमध्ये एक संघ उतरवला होता, त्यामुळे घोटाळा होणं साहजिक आहे.

न्यूमन/हास रेसिंग १९८३ ते २०११ अशी २९ वर्षं अमेरिकेतल्या उघड्या चाकांच्या गाड्यांच्या शर्यतीत होता. १०७ विजय, ८ विजेतेपदं. शिकागोच्या उत्तरेला लिंकनशायर नावाचं गाव आहे, तिथे त्यांचा कारखाना. मी नोकरीनिमित्त त्याच भागात काही वर्षं राहिलो, त्यामुळे माझ्या लेखी हा जवळजवळ गावचा संघ. आज इंडीकार (हीच शर्यतींची मालिका) बघणाऱ्या तरुण मुलांना हे नाव सांगितलं तर ओळख पटत नाही. त्याचं मला फार वाईट वाटतं.

कार्ल हास मूळचे व्यापारी. इंग्लंडमधल्या लोला कंपनीच्या गाड्या आणि हेवलँडचे गिअरबॉक्स अमेरिकेत आणून विकायचे. तोंडात कायम एक जाड, न पेटवलेली सिगार. जिम हॉल यांच्याबरोबर त्यांनी कॅन-ॲम ही कॅनडा-अमेरिकेतली शर्यतींची मालिका १९७७ ते १९८० अशी सलग चार वर्षं जिंकली होती. न्यूमन हॉलिवूडचे मोठे नट, पण शर्यत हा त्यांचा मिरवण्याचा शौक नव्हता. १९६९ च्या एका सिनेमासाठी शर्यतीची गाडी चालवायला शिकले तेव्हा चाळिशी उलटली होती. तिथून दहा वर्षांत, १९७९ मध्ये, ल मांच्या २४ तासांच्या शर्यतीत पोर्शे ९३५ मधून त्यांची तिघा चालकांची तुकडी दुसरी आली. १९९५ मध्ये, वयाच्या ७० व्या वर्षी, डेटोनाच्या २४ तासांत आपल्या गटात जिंकले. कॅन-ॲममध्ये न्यूमनचाही संघ होता, आणि या दोघांचं आपसात बिलकूल पटत नसे. तरी हास यांनीच पुढाकार घेतला. दोघांना जोडणारा माणूस होता मारिओ आंद्रेत्ती.

मारिओ तेव्हा ४३ वर्षांचा. १९६९ ची इंडी ५०० (इंडियानापोलिसची ५०० मैलांची शर्यत) आणि १९७८ चं फॉर्म्युला वनचं जगज्जेतेपद खिशात. अनेकांच्या मते त्याचे दिवस भरले होते. पहिल्याच मोसमात, १९८३ मध्ये, त्याने विस्कॉन्सिनमधल्या एल्कहार्ट लेकला संघाला पहिला विजय दिला आणि १९८४ मध्ये ६ शर्यती जिंकून विजेतेपद आणलं. १९८९ मध्ये मुलगा मायकेल संघात आला. बाप-लेक एकाच संघात, एकाच बनावटीच्या गाड्यांत. १९९१ मध्ये मायकेलने ८ शर्यती जिंकून विजेतेपद घेतलं. १९९३ मध्ये मायकेल मॅक्लारेनकडे फॉर्म्युला वनला गेला आणि त्याच्या जागी आला थेट त्या घडीचा जगज्जेता, नायजेल मॅन्सेल. पहिल्याच वर्षी तोही विजेता.

इथवरची गोष्ट चढाची. पुढची समजून घ्यायला थोडं राजकारण सांगावं लागेल.

त्या काळी ही मालिका कार्ट नावाची संघटना चालवायची, आणि कार्ट म्हणजे संघमालकच. शर्यतींचा मुकुटमणी मात्र इंडियानापोलिसची ५०० मैलांची शर्यत, आणि तो ट्रॅक टोनी जॉर्ज यांच्या घराण्याचा. मालिकेच्या कारभारात आपल्याला जागा नाही, खर्च वाढत चाललाय, परदेशी चालकांची भरती होतेय, अंडाकृती ट्रॅक कमी होताहेत, अशा त्यांच्या तक्रारी होत्या. त्यांनी स्वतःची इंडी रेसिंग लीग काढली, १९९६ पासून. इंडी ५०० च्या ३३ जागांपैकी २५ जागा लीगच्या नेहमीच्या गाड्यांसाठी राखून ठेवल्या. कार्टवाल्यांनी त्याच दिवशी मिशिगनला वेगळी ५०० मैलांची शर्यत भरवली. तिथे सुरुवातीलाच गाड्या एकमेकांवर आदळल्या. तो दिवस आठवला की आजही जीव तुटतो. अमेरिकेतले उत्तम चालक एकीकडे, अमेरिकेतली उत्तम शर्यत दुसरीकडे.

न्यूमन आणि हास कार्टच्या बाजूला राहिले. दोघेही शब्दाला जागणारे. २००२ मध्ये पेन्स्के हा मोठा संघ गेला, पाठोपाठ गनासीचा संघ, मायकेलचा स्वतःचा नवा संघ, होंडा, टोयोटा, सगळे इंडी ५०० च्या ओढीने लीगमध्ये गेले. २००३ च्या शेवटी कार्ट दिवाळखोरीत निघाली, उरलेल्यांनी ती चॅम्प कार नावाने चालवली. न्यूमन/हास तरीही तिथेच.

आता माझा मुख्य मुद्दा. लोक म्हणतात हा संघ २००८ नंतर घसरला. मला वाटतं घसरण त्याआधीच सुरू झाली होती, आणि विजयांच्या ढिगाखाली ती दिसली नाही. २००२ ला क्रिस्तियानो दा माता विजेता. २००४, ०५, ०६, ०७ अशी सलग चार वर्षं सेबॅस्टियन बुर्दे. म्हणजे ८ विजेतेपदांपैकी ५ या रिकाम्या होत चाललेल्या मैदानात आली. बुर्दे अस्सल चालक होता, त्याच्याकडून काही काढून घ्यायचं नाही मला. पण प्रतिस्पर्धी एकेक करून उठून जात होते आणि हा संघ जिंकत होता.

२००७ च्या ऑगस्टमध्ये आम्ही चौघं मित्र रोड अमेरिकाला गेलो होतो. हाच तो एल्कहार्ट लेकचा ट्रॅक, जिथे संघाने पहिली शर्यत जिंकली. साडेसहा किलोमीटरची फेरी, सगळी झाडीतून. आम्ही उतारावर गवतात सतरंजी टाकून बसलो होतो. त्या मोसमात चॅम्प कारमध्ये १७ गाड्या. सतराच्या सतरा अंगावरून गेल्यासारख्या जात, छातीत कंप उठे, आणि मग शांतता. मिनिटभर पाखरांचा आवाज ऐकू येई, मागच्या कुटुंबातलं लहान मूल काय मागतंय ते ऐकू येई. पंधरा वर्षांपूर्वी तिथे येणारे जुने लोक शेजारी बसले होते. ते म्हणाले, पूर्वी ही शांतता नसायची, शेपूट संपेपर्यंत डोकं परत यायचं. शर्यत बुर्देने जिंकली. आम्ही टाळ्या वाजवल्या. परतीच्या वाटेवर गाडीत फारसं कुणी बोललं नाही.

त्या मोसमानंतर बुर्दे फॉर्म्युला वनला गेला, २००८ च्या फेब्रुवारीत दोन्ही मालिका एक झाल्या, आणि न्यूमन/हासला काही आठवड्यांत सगळंच बदलावं लागलं. एका मोसमापुरती वापरलेली पॅनोझ गाडी मोडीत, नवी डलारा, नवं इंजिन, नवे ट्रॅक. समोर पेन्स्के, गनासी, आंद्रेत्ती, जे त्या गाडीत पाच-पाच वर्षं मुरलेले.

तरी पहिल्या झटक्यात सेंट पीटर्सबर्गला १९ वर्षांच्या ग्रॅहम राहालने जिंकून दाखवलं, तेव्हाचा सर्वांत लहान विजेता. ३१ ऑगस्टला डेट्रॉइटला जस्टिन विल्सन जिंकला. २६ सप्टेंबरला न्यूमन गेले. डेट्रॉइटनंतर संघ पुन्हा कधी जिंकला नाही. १ डिसेंबर २०११ ला बातमी आली की पुढच्या मोसमात न्यूमन/हास नसेल.

---

सिंहगड_रोड

फार सुंदर लिहिलंय. १९९३ मध्ये आमच्याकडे नुकतीच केबल आली होती. वडील आणि मी रात्री जागून मॅन्सेलला शोधायचो. ती मिशी आणि गाडीवरचा लाल ५ नंबर डोळ्यांसमोर आहे. मला एवढंच कधी कळलं नाही, जगज्जेता असताना तो फॉर्म्युला वन सोडून गेलाच का?

---

वळणावरचा

@सिंहगड_रोड, विल्यम्सशी, म्हणजे त्याच्या फॉर्म्युला वन संघाशी, कराराची बोलणी फिसकटली. त्यांनी ॲलन प्रॉस्ट या चालकाला आणायचं ठरवलं होतं, मॅन्सेलला ते पचलं नाही. हास यांनी बरोबर वेळ साधली.

त्या वर्षातला एक तुकडा सांगतो. मॅन्सेलने ऑस्ट्रेलियात सर्फर्स पॅरडाइजला पदार्पणातच शर्यत जिंकली. पुढची शर्यत फिनिक्सला, एक मैलाचा अंडाकृती ट्रॅक. अंडाकृती ट्रॅकवर त्याची ही पहिलीच शर्यत व्हायची होती. सरावात मागच्या बाजूने भिंतीवर असा आदळला की पाठीला जबर मार बसला, शर्यत हुकली. मग ती शर्यत कुणी जिंकली? त्याच संघातल्या ५३ वर्षांच्या मारिओने. तो त्याचा शेवटचा विजय. ज्या पाहुण्यासाठी सगळी दुनिया आली होती तो दवाखान्यात, आणि घरच्या म्हाताऱ्याने घर राखलं.

मॅन्सेल सावरला आणि अंडाकृती ट्रॅकवर पुढे चार शर्यती जिंकला. न्यू हॅम्पशायरची तर आपल्या चाळिसाव्या वाढदिवशी. विजेतेपद पक्कं झालं १९ सप्टेंबरला नाझरेथला, म्हणजे आंद्रेत्तींच्या गावात. प्रॉस्टचं जगज्जेतेपद त्यानंतर आठवड्याने ठरलं. म्हणजे तो एक आठवडा मॅन्सेल दोन्हीकडचा विजेता होता. असा दुसरा कुणी नाही.

---

घुमट_आणि_झडप

मी पिंपरीत इंजिनांच्या चाचणीवर काम करतो, म्हणून एक भर घालतो. या संघाने सगळं जिंकलं, इंडी ५०० मात्र एकदाही नाही, हे धाग्यात यायला हवं होतं. १९८७ ची शर्यत तर आम्ही नव्या पोरांना शिकवताना उदाहरण म्हणून सांगतो.

मारिओ पोलवर, म्हणजे सुटताना सगळ्यांत पुढे. इंजिन इल्मोर-शेव्हरोले, ज्याला त्याच वर्षी लाँग बीचला मारिओनेच पहिला विजय दिला होता. २०० फेऱ्यांपैकी १७७ होईपर्यंत तब्बल १७० फेऱ्या तो पुढे. दुसरा एका फेरीहून जास्त मागे. आता काय करायचं? कुणीही शहाणा माणूस करेल तेच त्याने केलं. पाय सैल सोडला, इंजिन जपायला लागला.

आणि तिथेच घात झाला. कमी केलेल्या वेगात इंजिनाचे फेरे नेमके अशा पट्ट्यात आले की झडपांच्या यंत्रणेत कंपनं एकमेकांत मिसळून वाढत गेली. झडपेची स्प्रिंग तुटली. जोरात पळवलं असतं तर टिकलं असतं.

ज्यांना हे खोटं वाटतं त्यांनी आपली जुनी दुचाकी आठवावी. ठराविक वेगाला हँडल थरथरतं, त्याच्या खाली नाही आणि वरही नाही. आमच्या टेस्ट बेडवर आम्ही तो पट्टा आधी शोधून काढतो आणि त्यावरून भरभर पुढे जातो. शेजारच्या खोलीत काचेमागे उभं राहिलं तरी पायाखालची फरशी सांगते की पट्टा आला.

त्या दिवशी जिंकला अल अन्सर सीनियर. त्याच्याकडे महिन्याच्या सुरुवातीला गाडीच नव्हती. जखमी चालकाच्या जागी त्याला घेतलं, आणि त्याला मिळालेली गाडी एका हॉटेलच्या दिवाणखान्यात शोभेला ठेवलेली होती.

---

वळणावरचा

@घुमट_आणि_झडप, मनापासून आभार. इंडीबद्दल मी मुद्दाम कमी लिहिलं होतं, लिहायला बसलो की हात थांबत नाही. तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं सांगितलंत.

१९९२ चं तेवढं जोडतो. मायकेल १६० फेऱ्या पुढे. ११ फेऱ्या उरल्या असताना इंधनाचा पंप गेला. त्याच दिवशी मारिओ भिंतीवर आदळून पायाची बोटं मोडून बसलेला, आणि धाकटा मुलगा जेफ दोन्ही पाय मोडून दवाखान्यात. एका घरावर एका दुपारी इतकं आलं.

---

जुनी_रंगभूमी

मला गाड्यांतलं काही कळत नाही, मुलाने दुवा पाठवला म्हणून वाचायला घेतलं आणि शेवटपर्यंत वाचलं. फुटीचा भाग वाचताना मला सारख्या आपल्या नाटक मंडळ्या आठवत होत्या. १९१३ मध्ये बालगंधर्व, टेंबे आणि बोडस किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडले आणि गंधर्व मंडळी उभी राहिली. नट गेले, प्रेक्षक त्यांच्या मागे गेले. मग इथे उलटं कसं झालं? नट म्हणजे चालक तर कार्टकडेच होते ना? लोक त्यांच्याकडे का राहिले नाहीत?

---

वळणावरचा

@जुनी_रंगभूमी ताई, तुमचा प्रश्न या सगळ्याच्या मुळाशी जातो. गंधर्वांना कुठल्याही गावात थिएटर मिळत होतं. इथे असं समजा की आख्ख्या प्रांतात एकच मोठं नाट्यगृह आहे, वर्षातून एकदा तिथे प्रयोग होतो, आणि लोक आजोबांपासून त्याच दिवशी तिथे जात आलेत. त्या नाट्यगृहाच्या मालकाने स्वतःची मंडळी काढली. पहिल्या वर्षी नट नवखे होते, पण लोक नाट्यगृहात गेलेच. कारण मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी तिथे जायचं असतं. आणि पुरस्कर्ते कंपनीवाले लोकांच्या मागे गेले.

चालक उत्तम असून उपयोग झाला नाही. प्रेक्षकांना दोन विजेते, दोन मालिका, दोन वेळापत्रकं यांत रस उरला नाही. बरेच जण तिसरीकडेच, स्टॉक कारच्या शर्यतींकडे वळले.

---

बेअरिंगवाला_कोल्हापूर

लेख आवडला. पण मुख्य मुद्दा पटला नाही, स्पष्ट लिहितो, राग नसावा.

माझा मशीन शॉप आहे, वडिलांनी भागीदारीत सुरू केलेला. फूट पडली नसती तरी हा संघ संपला असता असं माझं मत. कारण तो दोन माणसांचा धंदा होता. पेन्स्के बघा, त्याच्यामागे ट्रक भाड्याने देण्यापासून मोटारींच्या विक्रीपर्यंत सगळा पसारा, शर्यतीत एक वर्ष खड्ड्यात गेलं तरी चूल पेटते. गनासीकडे एकाच वेळी तीन-चार मालिकांतले संघ. मायकेलने तर स्वतः मालक होऊन शर्यती भरवण्यापर्यंत हातपाय पसरले. न्यूमन/हासकडे काय? एका मालिकेतल्या दोन गाड्या. एक भागीदार ८३ वर्षांचा होऊन वारला, दुसऱ्याची प्रकृती ढासळत गेली. पुढची पिढी तयार नाही.

आमच्याकडेही भागीदार काका गेल्यावर पहिल्यांदा लक्षात आलं की अर्ध्या गिऱ्हाइकांचे फोन नंबर त्यांच्या डोक्यातच होते. दोन वर्षं लागली सावरायला, आणि आम्ही तर साधे नट-बुशिंग करणारे. स्पॉन्सर संघाला पैसे देतो असं आपण म्हणतो. प्रत्यक्षात तो माणसाला देतो. न्यूमन समोर बसल्यावर कुठला कंपनीवाला नाही म्हणणार होता?

---

वळणावरचा

@बेअरिंगवाला_कोल्हापूर, राग कसला, तुम्ही जे लिहिलंय ते मला लिहिता आलं नसतं. वारसा नव्हता हे खरंच. माइक लॅनिगन २००७ मध्ये भागीदार म्हणून आले होते, संघाच्या नावातही त्यांचं नाव लागलं, पण २०१० नंतर ते बॉबी राहाल (ग्रॅहमचे वडील) यांच्या संघाकडे गेले. हास यांची तब्येत बिघडल्यावर शेवटी शेवटी त्यांच्या पत्नी बर्नी हास यांनीच संघ सांभाळला. त्या बाईंनी शेवटच्या मोसमापर्यंत तो नीट चालवला, याचं श्रेय त्यांना कुणी देत नाही.

पण एक विचारतो. वारस तयार करायला पैसा आणि वेळ लागतो. १९९६ ते २००७ या बारा वर्षांत तो कुठे गेला? मालिका जगवण्यात. न्यूमन/हासला दुसरीकडे हातपाय पसरायला सवड मिळालीच नाही, कारण पायाखालची जमीन धरून ठेवायची होती. २००४ मध्ये ते इंडी ५०० ला परत गेले, त्यांचा चालक ब्रुनो जुन्केरा पाचवा आला. २००५ मध्ये पुन्हा गेले, तिथल्या अपघातात जुन्केराची पाठ मोडली आणि त्याचा मोसम गेला. त्या वर्षी तो चॅम्प कारमध्ये गुणांत पुढे होता. म्हणजे दोन दगडांवर पाय ठेवून बघितला, तोही महागात पडला.

तुमचं आणि माझं दोन्ही धरून चालू या. घराचा खांब किडला होता हे तुमचं, आणि वारं कुठून आलं ते माझं.

---

बेअरिंगवाला_कोल्हापूर

मान्य. बर्नी हास यांचं माहीत नव्हतं. आमच्याही शॉपमध्ये त्या दोन वर्षांत आईनेच हिशेब धरून ठेवला होता.

---

निळा_झेंडा

धागाकर्त्यांनी शेवटच्या मोसमावरून झटकन पुढे उडी मारली आहे, ते मला खटकलं. २०११ चा न्यूमन/हास मरणपंथाला लागलेला संघ नव्हता. इंडी ५०० च्या शतकवर्षी ओरिओल सर्विया तिसऱ्या जागेवरून सुटला आणि सहावा आला. मोसमाच्या शेवटी गुणांत चौथा, पेन्स्के आणि गनासीच्या तोंडाला तोंड देत. जेम्स हिंचक्लिफ वर्षातला सर्वोत्तम नवोदित ठरला.

आणि ऑगस्टमधली लाउडनची (न्यू हॅम्पशायरची) शर्यत. पाऊस भुरभुरत होता. अंडाकृती ट्रॅकवर गुळगुळीत टायरांनी ओल्यात जाता येत नाही, हे लहान मूलही सांगेल. तरी अधिकाऱ्यांनी हिरवा झेंडा दाखवला. एका क्षणात गाड्या गरागरा फिरल्या, सगळा गोंधळ. त्या क्षणात सर्विया आघाडीवरच्या हंटर-रेला मागे टाकून पुढे गेला होता. अधिकाऱ्यांनी नंतर चूक कबूल केली आणि झेंड्याच्या आधीचा क्रम निकाल म्हणून धरला. हंटर-रे पहिला, सर्विया दुसरा. संघाने अपील केलं, निकाल बदलला नाही.

निर्णय कदाचित न्याय्यच असेल, जी सुरुवात व्हायलाच नको होती ती धरायची कशी. पण तो १०८ वा विजय ठरला असता, आणि पुढच्या वर्षीच्या स्पॉन्सरशी बोलताना टेबलावर ठेवायला एक ताजी गोष्ट मिळाली असती.

---

वळणावरचा

@निळा_झेंडा, बरोबर पकडलंत. घाईत गेलो खरा, कारण त्या वर्षाबद्दल लिहायला मला जड जातं. २०१२ साठी सगळ्यांनाच नवी गाडी आणि नवी इंजिनं घ्यायची होती. चांगल्या वर्षानंतरही तेवढं भांडवल उभं राहिलं नाही.

---

कडेपठार

एक साधा प्रश्न. हास गाड्यांना हात लावून काहीतरी करायचे असं ऐकलंय, ते काय होतं?

---

वळणावरचा

@कडेपठार, हो. शर्यत सुरू व्हायच्या आधी गाड्या रांगेत लागलेल्या असायच्या, तेव्हा हास आपल्या गाडीभोवती फिरायचे. तोंडात तीच सिगार. नाकाला हात, चाकांना हात, मागच्या पंखाला हात. घाई करायची नाही आणि मध्ये कुणी बोलायचं नाही. लोक त्याला आशीर्वाद म्हणत. मी मिल्वॉकीला कुंपणाजवळून एकदा पाहिलं. माझे आजोबा खंडेनवमीला लेथवर झेंडूची माळ घालून झाल्यावर तसाच प्रत्येक भागावरून हात फिरवायचे, चकपासून टेलस्टॉकपर्यंत. हिशेबाला इतका पक्का व्यापारी, आणि गाडीला स्पर्श केल्याशिवाय सोडायचा नाही. २०१६ मध्ये ते गेले, तेव्हा मला पहिल्यांदा तो हातच आठवला.

---

सिंहगड_रोड

शेवटची शर्यत कुठली होती संघाची? ती तरी नीट झाली का?

---

वळणावरचा

लास व्हेगस, १६ ऑक्टोबर २०११. दीड मैलाच्या अंडाकृती ट्रॅकवर ३४ गाड्या. अकराव्या फेरीत १५ गाड्यांचा अपघात झाला आणि त्यात डॅन व्हेल्डन हा चालक गेला. शर्यत तिथेच रद्द झाली.

सर्विया आणि हिंचक्लिफ दोघेही त्या अपघातातून वाचले होते. व्हेल्डन गेल्याचं सांगितल्यावर उरलेल्या १९ चालकांनी त्याच्यासाठी पाच फेऱ्या मारायचं ठरवलं. तीन-तीनच्या रांगा करून, हळू, कुणी कुणाला ओलांडायचं नाही. पिटमधली माणसं भिंतीला लागून उभी होती.

न्यूमन/हासच्या दोन्ही गाड्या त्या रांगांमध्ये होत्या. त्या पाच फेऱ्या झाल्या, गाड्या पिटमध्ये आल्या, इंजिनं बंद झाली.

---